अक्कांना नदी उभी बघायची होती

भाऊबीजेच्या पंगतीत ताक वाढता वाढता आमच्या अक्कांनी सांगून टाकलं, की त्यांना होडीतून फिरायला जायचंय. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, सुनंदाबाई. पाचोऱ्यात त्यांना नावानं हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नाहीत. बाकी सगळ्या गल्लीच्या त्या अक्काच.

माझे सासरे, म्हणजे अभिमन आबा, खाली मान घालून जेवत राहिले. माझा नवरा भूषण म्हणाला, की एवढी हौस असेल तर उन्हाळ्यात आपण सगळे काश्मीरला जाऊ, तिथं होड्याच होड्या असतात. अक्का म्हणाल्या, काश्मीर नको, तापी. आणि उन्हाळ्यात नको, आत्ता. पाऊस सरलाय, खाली सुलवाड्याच्या बंधाऱ्याची दारं टाकलीत, पाणी काठोकाठ उभं आहे आणि ऊनही मऊ झालंय. सकाळी बसायचं, संध्याकाळी उतरायचं, मधे काही करायचं नाही.

"पण जायचं कुठं?" भूषणनं विचारलं.

"कुठं म्हणजे? नदीनं," अक्का म्हणाल्या. "जन्मभर मी नदी आडवी ओलांडली. होडीतून ओलांडली, एसटीतून पुलावरून ओलांडली, रेल्वेतून ओलांडली. एकदा तिला उभी बघू दे."

यावर भूषणनं भात मागितला.

अक्कांचं माहेर खापरदे, अमळनेर तालुक्यातलं, अगदी तापीच्या काठावरचं. त्यांचे वडील पलीकडच्या काठावरच्या गावात प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. सकाळी होडीनं जायचे, संध्याकाळी होडीनं यायचे. माणूस भयंकर कडक. तंबाखू आणि विडी यांच्यावर त्यांचा एवढा राग, की गावात एखादा बाप्या विडी ओढताना दिसला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पोराला शाळेत उभं करून तंबाखूचे दुष्परिणाम म्हणायला लावायचे. अक्का लहानपणी संध्याकाळी काठावर त्यांची वाट बघत बसायच्या. होडी लांबून दिसायची, पण जवळ यायला फार वेळ लावायची, एवढं त्यांना पक्कं आठवतं.

पुढं त्या पाचोऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. ही दोरी इथून काढून तिथं खोचली, की पाचोऱ्याचा माणूस जळगावशी बोलू लागायचा. शेजारच्या खुर्चीवर शहनाज नावाची मुलगी होती, ती आजची आमची शहनाजमावशी. दोघींनी मिळून त्या बोर्डावरून गाव चालवलं, असं आबा म्हणतात, आणि ते काही फार वाढवून सांगत नाहीत.

एका डाळमिलचे दोन भाऊ भिंतीच्या वादावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही रोज जळगावच्या एकाच दलालाला फोन लावायचे. एका सकाळी दोघांचे कॉल एकाच वेळी आले. अक्कांनी शहनाजमावशीकडे पाहिलं, शहनाजमावशीनं छताकडे पाहिलं, आणि अक्कांनी दलालाला बाजूला ठेवून दोन्ही भाऊच एकमेकांना जोडून दिले. लाइनवर खरखर इतकी, की बराच वेळ ते एकमेकांशीच तुरीचा भाव ठरवत होते. नंतर दोघांनी साहेबांकडे तक्रार केली. पण तक्रार करायला आले एकाच स्कूटरवरून.

आबा तेव्हा एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. कापसाचा भाव विचारायला रोज सकाळी मुंबईचा ट्रंक कॉल लावायचं काम त्यांच्याकडे होतं. अक्का त्यांना सांगायच्या, मुंबई एंगेज आहे, लाइनवर थांबा. मग मुंबई मोकळी होईपर्यंत दोघं बोलत बसायचे. आबांचं म्हणणं, मुंबई कधीच एंगेज नसायची. अक्का आजही म्हणतात, असायची. काही असो, जिनिंगच्या शेठला त्या हंगामात भाव कायम उशिरा कळले आणि हंगाम संपता संपता लग्न ठरलं. जात एकच निघाली, त्यामुळे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना फारसं काही बोलता आलं नाही.

नंतर बोर्ड गेला, बटणं आली, मग मोबाइल आले, आणि खात्यातून बाहेर पडल्यावर अक्का घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, गल्लीतल्या सगळ्यांच्या दोऱ्या कुठून कुठं खोचायच्या हे अजूनही त्याच ठरवतात. अशा बाईनं काही मागितलं तर ते सरळ द्यावं. पण आमच्या घरातल्या पुरुषांनी ते हाती घेतलं.

सुरुवात योगेंद्रकाकांनी केली. हे आबांचे धाकटे भाऊ, धुळ्याला असतात. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीच्या आनंदात केरळला जाऊन एक रात्र हाउसबोटीत झोपून आले. तेव्हापासून पाण्याच्या कुठल्याही विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. अगदी नळाला पाणी कमी आलं तरी ते केरळपासून सुरुवात करतात. भूषणनं त्यांना फोनवर सहज सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ते हजर. आल्या आल्या म्हणाले, की वहिनींची इच्छा आहे ना, मग ती व्यवस्थित पार पडली पाहिजे.

संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर 'तापी मोहीम' नावाचा गट तयार झाला. त्यात भूषण, काका, काकांचे दोन साडू, भूषणच्या ठिबकच्या दुकानाचे काही डीलर आणि भडगावचा एक मंडपवाला असे सगळे होते. अक्का नव्हत्या. ते कुणाच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

बेत वाढत गेला. एका होडीच्या तीन झाल्या. वल्ह्यांनी फार वेळ लागतो म्हणून मोटारबोट आली. ऊन लागेल म्हणून छत आलं, छत आलं म्हणून त्याला झालर आली. नुसतं बसून काय करणार म्हणून स्पीकर आला. थंडीचे दिवस, आसोद्याची वांगी निघालेली, तेव्हा नदीवर जायचं आणि भरीत करायचं नाही हे कसं शक्य आहे, असं एका डीलरनं लिहिलं आणि त्याला इतके अंगठे आले की भरीत सर्वानुमते मंजूर झालं. भरीत म्हटल्यावर माणसं वाढली. माणसं वाढल्यावर मंडप लागला. रविवार ठरला, तो पुढं ढकलला, पुन्हा ठरला. दर बैठकीला मी चहा करत होते आणि दर चहाला अक्कांची होडी त्या बेतात थोडी थोडी लहान होत चालली होती.

मला राग येत होता. मी शाळेत शिकवते, दिवसभर चाळीस पोरांना गप्प बसवून घरी येते, आणि घरी ही मोठी पोरं. एके दिवशी मी स्वयंपाकघरात अक्कांना म्हटलं, की तुम्ही काहीच कशा बोलत नाही? अक्का निवांत मेथी निवडत होत्या.

"अगं दिपमाला," त्या म्हणाल्या, "मी त्यांना लाइनवर ठेवलंय. तू चहा टाक."

आणि पदराला हात पुसून त्या बैठकीच्या खोलीत गेल्या. दारात उभ्या राहून अगदी भोळ्या चेहऱ्यानं त्यांनी काकांना विचारलं, "भाऊजी, तापीत मगर असते का हो?"

तो आठवडा मगरीत गेला. काका म्हणाले, असते. भूषण म्हणाला, नसते. एका साडूनं कुठला तरी व्हिडिओ पाठवला, तो आफ्रिकेतला निघाला. मगर पाण्यातून किती उंच उडी मारते यावर छताची उंची ठरवायची का, यावर फार गंभीर चर्चा झाली. मगर संपत आली तेव्हा अक्कांनी दुसरा प्रश्न टाकला, की एवढ्या बायकामाणसांना मधेच लघवीला लागली तर काय करायचं. तो विषय इतका पेचाचा निघाला, की काकांनी त्यासाठी वेगळा गट काढला.

त्या गटाची पहिली बैठक चालू असताना अक्का, शहनाजमावशी आणि मी एसटीनं पारोळ्यावरून अमळनेरला पोचलो आणि तिथून रिक्षानं खापरद्याला.

रुपचंद भोई काठावर जाळं पसरून बसला होता. साठीचा माणूस, काटक, डोक्याला टॉवेल. त्याचे वडील कौतिक भोई पूर्वी गावची होडी चालवायचे, म्हणजे अक्कांच्या वडलांना रोज नेणारे-आणणारे तेच. अक्कांनी त्याला सांगितलं, की दिवसभरासाठी होडी पाहिजे. रुपचंदनं हातातलं जाळं खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं,

"कोन वारनं का, अक्का?"

त्याचं चूक नव्हतं. त्याच्या होडीत बसायला शहरातली माणसं येतात ती अस्थी घेऊनच. बाकी होडी म्हणजे मासे, आणि पलीकडचा चारा.

"कोनीच नही," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा धडधाकट शेतस."

"मंग जानं कथा शे?"

"कथाच नही. नुसतं सावकाश."

कुठंच जायचं नाही, हे रुपचंदला पटेना. शेवटी मुक्काम म्हणून खाली मुडावदजवळचं कपिलेश्वराचं देऊळ ठरलं, जिथं पांझरा तापीला मिळते. तो म्हणाला, की मी जोर लावला तर दुपारच्या आत पोचवतो. अक्का म्हणाल्या, जोर लावायचा नाही. रुपचंदनं विचारलं, सावकाश म्हणजे किती सावकाश. अक्कांनी थोडा विचार करून सांगितलं, की काठावरून म्हैस चालली असेल तर ती पुढं गेली पाहिजे. तेव्हा कुठं त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं होडी दाखवली. लाकडी, चपट्या बुडाची, डांबर पाजलेली. माशांचा वास येत होता. शहनाजमावशी म्हणाली, सतरंजी टाकली की झालं.

पुरुषांचा रविवार ठरला होता. अक्कांनी त्याच्या आधीचा बुधवार धरला. मी शाळेत रजा टाकली. मला काळजी होती की घरी काय सांगायचं, पण अक्कांनी काहीच लपवलं नाही. बुधवारी सकाळी पायात चपला घालून त्या भूषणसमोर उभ्या राहिल्या. भूषण फोनवर मंडपवाल्याशी झालरीच्या रंगावरून भांडत होता.

"भूषण, आम्ही नदीवर चाललो. होडीत बसून संध्याकाळपर्यंत येतो."

"हो हो, चालेल," भूषण म्हणाला, आणि फोनमध्ये म्हणाला, "केशरी नको म्हटलं ना."

आबांनी मात्र आम्हाला फाटकापर्यंत सोडलं आणि अक्कांच्या पिशवीत स्वतःची उन्हाची टोपी घातली.

आम्ही होडीत बसलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. रुपचंदनं बांबूनं काठाला रेटा दिला, होडी एकदा डुलली, शहनाजमावशीनं माझा दंड धरला आणि मग सगळं शांत झालं. वल्हं पाण्यात जायचं, निघायचं, त्यावरून थेंब गळायचे, एवढाच आवाज. पाणी इतकं संथ की बगळा आणि त्याखालचा बगळा यांत खरा कोणता ते कळेना. उजवीकडच्या काठावर केळीच्या बागा, डावीकडे कापूस फुटून पांढरी झालेली शेतं. काठाच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. त्यांतल्या एकीनं ओरडून विचारलं, कुठं चाललात? अक्कांनी ओरडून सांगितलं, कुठंच नाही. त्या बाया आधी हसल्या आणि मग कंबरेवर हात ठेवून आम्ही दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या.

खापरदे मागं पडलं तेव्हा अक्का वळून बसल्या. काठावरचा पिंपळ, त्याखालच्या पायऱ्या, वरची घरं. त्या पायऱ्यांवर बसून त्यांनी लहानपणी वाट बघितली होती, पण हे सगळं या बाजूनं, पाण्याच्या मधून, त्यांनी निवांत कधी बघितलं नव्हतं.  मग रुपचंदला म्हणाल्या, की वडील शाळेतून यायचे तेव्हा होडी इथंच कुठंतरी रेंगाळायची, इथं प्रवाहाला ओढ होती की काय?

रुपचंद वल्हं हातात धरून थांबला. सांगावं की नाही असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. अक्का म्हणाल्या, सांग.

"गुरुजी रोज नदीना मधमा होडी थांबाडेत," तो म्हणाला. "एक बिडी वढेत. मंग म्हनेत, चाल रे कौतिक."

शहनाजमावशीनं तोंडावर ओढणी धरली. मी अक्कांकडे बघायचंच टाळलं. गावातल्या प्रत्येक विडीशी भांडलेला माणूस रोज संध्याकाळी नदीच्या मधोमध, दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर, कौतिक भोईच्या विडीबंडलातली विडी ओढत होता. वर कौतिकला शपथ घातलेली. कौतिकनं ती पाळली, आणि मरायच्या आधी फक्त मुलाला सांगितलं. रुपचंद म्हणाला, की गुरुजी विडी झाल्यावर नदीच्या पाण्यानं चूळ भरायचे आणि खिशातली बडीशेप खायचे.

"बडीशेप," अक्का म्हणाल्या. "आल्यावर मला द्यायचे ते चिमूटभर. मला वाटायचं, माझ्यासाठी आणतात."

आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग होडी हलायला लागली, रुपचंदला वल्हं आडवं धरून तिला सावरावं लागलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी आबांच्या टोपीनं पुसलं आणि म्हणाल्या, की तरीच म्हातारा घरी यायच्या वेळी इतका खूश असायचा. मग त्यांनी रुपचंदला विचारलं, तुझ्याकडे आहे का एखादी? रुपचंदनं कानावर हात ठेवले. मी खरंच सुटकेचा श्वास टाकला, कारण असती तर काय झालं असतं ते मला माहीत होतं.

दुपारी एका वळणावर बाभळीच्या सावलीत होडी लावून आम्ही जेवलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, ठेचा, आदल्या दिवशीचं भरीत, शहनाजमावशीच्या घरची शेवयांची खीर. जेवून झाल्यावर अक्का होडीतच आडव्या झाल्या आणि शहनाजमावशी एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगत बसली, ज्यांतल्या निम्म्या मी इथं लिहू शकत नाही.

ऊन कलायला लागलं, संगम जवळ आला, तेव्हा पाण्यात मधोमध काहीतरी केशरी दिसलं. मला वाटलं, कुणी देवाला सोडलेला फुलांचा हार असेल. जवळ गेल्यावर त्यावर दोन डोकी दिसली.

योगेंद्रकाका आणि भूषण. अंगात फुगलेली जाकिटं. झालं असं होतं, की सकाळी आम्ही निघाल्यावर काकांचा फोन आला, मुडावदच्या बाजूच्या एका मासळीवाल्याची मोटारबोट आजच्या दिवस मोकळी आहे, तर रविवारच्या आधी प्रत्यक्ष पाहणी करून घेऊ. बोट त्यांनी स्वतः चालवायला घेतली, कारण काकांनी केरळात चालवताना पाहिलं होतं. नदीच्या मधे मोटारीच्या पंख्यात कुणाचं तरी जुनं जाळं गुंतलं. वल्हं घेतलं नव्हतं. मोटार असताना वल्हं कशाला, असं काका निघताना म्हणाले होते. मासळीवाला फोन उचलत नव्हता आणि उडी मारून काठावर पोहत जायचा विचार दोघांनीही करून सोडून दिला होता. काकांनी हात बोटीच्या आत घेतलेले होते, अगदी कोपरापर्यंत. मगर असते हे त्यांचंच मत होतं.

अक्कांनी त्यांना ओळखलं आणि हळूच रुपचंदला सांगितलं, की सावकाश घे.

"आजून सावकाश?" रुपचंदनं विचारलं.

"आजून."

आम्हाला त्यांच्यापर्यंत पोचायला खूप वेळ लागला. काका आधी हात हलवत होते. मग त्यांनी आम्हाला ओळखलं आणि हलवायचे थांबले.

"वहिनी, तुम्ही इथं कशा?"

"फिरायला आलोय," अक्का म्हणाल्या. "भूषणला सांगून आले. तुम्ही?"

"पाहणीला."

"मग बघा ना. इथून फार छान दिसतं."

आणि रुपचंदला बोटानं खूण करून त्यांनी आमची होडी त्या बोटीभोवती एक पूर्ण चक्कर फिरवून आणली. भूषण माझ्याकडे असं बघत होता, की मी शेतांकडे बघायला लागले. चक्कर पुरी झाल्यावर शहनाजमावशीनं एका वल्ह्याच्या पात्यावर दोन पुऱ्या आणि ठेचा ठेवून पलीकडे दिला. दोघांनी ते तिथल्या तिथं संपवलं. सकाळपासून उपाशी होते बिचारे. मगच रुपचंदनं दोर बांधला. तो म्हणाला, की दोन होड्या ओढायच्या म्हणजे आता आणखी उशीर होणार. अक्का म्हणाल्या, त्याला आमची काही हरकत नाही.

पहिल्यांदा काकांनी मागून सूचना दिल्या. डावीकडून घ्या, उजवीकडून घ्या, काठ धरून चला. रुपचंद मान हलवायचा आणि होता तसाच वल्हवत राहायचा. हळूहळू सूचना कमी झाल्या. एकदा मी मागं बघितलं तर काकांनी जाकीट काढून उशाला घेतलं होतं आणि ते चक्क घोरत होते. आणखी एकदा बघितलं तर भूषणनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात सोडले होते. त्याच्यापासून हातभर अंतरावर एक खंड्या त्यांच्याच बोटीच्या टोकावर बसला होता आणि भूषण श्वास रोखून त्याच्याकडे बघत होता. फोन शेजारी वाजत होता. त्यानं तो उचलला नाही. मंडपवाला असणार.

कपिलेश्वराच्या घाटाला लागलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. काका जागे झाले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, एवढ्यात आलं का?

घरी जाताना गाडीत भूषण मला हळूच म्हणाला, की आईला एवढंच पाहिजे होतं तर तिनं सांगायचं ना. मी म्हटलं, ताक वाढताना सांगितलं होतं.  पारोळा मागं पडल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, की त्या पक्ष्याची चोच केवढी होती.

रविवार मात्र झाला. मंडप सांगून ठेवलेला, वांगी आलेली, आता मागं कसं फिरणार? काठावर मंडप पडला, झालर शेवटी हिरवी आली. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, ती ठेचली, कांद्याची पात आणि शेंगदाणे पडले, आणि ठिबकच्या डीलरांनी इतकं भरीत खाल्लं की त्यांतला एकही होडीत बसण्याच्या अवस्थेत राहिला नाही. होड्या आल्याच नव्हत्या. इतक्या लोकांना पाण्यात नेणं बरोबर नाही, असं काकांनीच गटावर लिहिलं होतं, आणि त्यालाही भरपूर अंगठे आले होते.

जेवणं झाल्यावर सगळे सतरंजीवर पसरले आणि काका सांगायला लागले. बुधवारी त्यांनी एक प्रयोग केला होता. मोटार बंद ठेवून, नुसत्या दोरानं, एका होडीनं दुसरी होडी नेता येते का, हे त्यांना बघायचं होतं. केरळात असं कुणी करत नाही. पण पाणी संथ असेल आणि माणसं शांत असतील तर जमतं, त्यांनी स्वतः करून बघितलं, आणि फार आराम वाटतो.

डीलर लक्ष देऊन ऐकत होते. भूषण जमिनीकडे बघत काडी मोडत होता. आबा डोळे मिटून पडले होते, पण त्यांची मिशी हलत होती. मला वाटलं, आता अक्का काहीतरी बोलतील.

अक्का पुढं सरकून बसल्या. हनुवटीला हात लावला. चेहऱ्यावर कौतुकाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"अगं बाई, हो का भाऊजी?" त्या म्हणाल्या. "मग पुढं काय झालं?"

काका खुलले आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं. शहनाजमावशीला पुरीचा ठसका लागला. ती उठून पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि मी तिची पाठ चोळत बराच वेळ तिथंच थांबले, कारण मलाही मागं वळून बघण्याची सोय उरली नव्हती.